तिच्या घरी फोन करू नका

ओळखीतली एखादी मुलगी किंवा मुलगा तुमच्याकडे येऊन म्हणाला, "घरात कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत," तर सगळ्यात आधी एक गोष्ट टाळा. तिच्या घरी फोन करू नका. तिच्या वडिलांशी तुमची वीस वर्षांची ओळख असेल, तिच्या आईला तुम्ही वहिनी म्हणत असाल, तिचा मामा तुमच्या गावचा असेल, तरीही नाही.

हे आपल्याला जड जाणार, याची मला कल्पना आहे. घरातलं भांडण मिटवणं हे आपल्याकडे पुण्याचं काम मानलं जातं. पोरगी रुसून आली तर तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, जेवू घालावं, आणि संध्याकाळी वडिलांच्या हवाली करावं, हा आपला रिवाज. "आई-वडील आहेत शेवटी, रागावले तरी पोटच्या पोरीचं वाईट करतील का?" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्याची शहानिशा करायचं आपल्याला सुचतच नाही. बहुतेक घरांत ते खरं असतं. जिथे खरं नसतं, तिथे ते बोलणाऱ्याचा चांगुलपणाच त्या मुलीला गोत्यात आणतो.

महाराष्ट्रातल्या अशा घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. नाशिकमध्ये जून २०१३ मध्ये एक विवाहिता, पूर्ण दिवसांची गरोदर, वडिलांच्या हातून मारली गेली. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि जातपंचायतीत बापाची मान खाली गेली होती. वडील रिक्षा घेऊन तिच्या सासरी आले. आजी आजारी आहे, तुला भेटायचं म्हणते, असं सांगितलं. ती विश्वासाने रिक्षात बसली आणि वाटेतच त्यांनी तिचा गळा आवळला.

वैजापूर तालुक्यातल्या लाडगावात एका मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. काही महिने गेले. मग आई येऊन भेटून गेली आणि मुलीला वाटलं, बर्फ वितळला. ५ डिसेंबर २०२१ रोजी आई पुन्हा आली, या वेळी धाकट्या भावाला घेऊन. मुलगी शेतातलं काम टाकून धावत घरी आली आणि तिने त्यांच्यासाठी चहा ठेवला. ती स्वयंपाकघरात असतानाच भावाने कोयत्याने तिच्यावर वार केले.

जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांना संडासाची टाकी साफ करायचं काम आहे म्हणून बोलावून घेतलं आणि मारून टाकलं. त्यांच्यातल्या एकाचं बोलावणाऱ्यांच्या घरातल्या मुलीवर प्रेम होतं. बाकीचे दोघे त्याच्यासोबत कामाला गेले होते, एवढंच. डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भाऊ बहिणीच्या घरी आले आणि तिला व तिच्या नवऱ्याला मारून गेले. एप्रिल २०२५ मध्ये चोपड्याला निमलष्करी दलातून निवृत्त झालेल्या एका बापाने हळदीच्या कार्यक्रमात येऊन मुलीवर आणि जावयावर गोळ्या झाडल्या. मुलगी गेली. तिच्या लग्नाला तेव्हा बराच काळ लोटला होता आणि सगळं निवळलं असेल असंच कोणालाही वाटलं असतं.

आजीच्या आजारपणाचा निरोप, आईची भेट, कामाचं बोलावणं, घरातलं कार्य. या जागा भांडणाच्या नाहीत, मायेच्या आणि रोजच्या व्यवहाराच्या आहेत. म्हणून मी म्हणते, की ज्या घरातून जीव घेण्याची भाषा एकदा झाली आहे, त्या घरातून अचानक गोड निरोप आला तर तो आनंदाचा क्षण मानू नका. त्या क्षणी सर्वांत जास्त सावध राहायचं असतं. आणि तो निरोप पोचवणारा माणूस तुम्ही तर अजिबात होऊ नका.

वाशीत कुठे असलं काही?

हे खेड्यापाड्यात होतं, नवी मुंबईतल्या आपल्या वाशीत नाही, असं वाटणारे पुष्कळ आहेत. सिडकोने आखलेलं शहर, सेक्टरचे नंबर, शिकलेली माणसं, मुली हार्बर लाइनने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या. पण वाशीत राहणारा प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे आणि येताना गाव बरोबर घेऊन आलेला आहे. एपीएमसी मार्केटमधले व्यापारी आणि माथाडी कामगार सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडचे. वाशीगाव, जुहूगाव, कोपरी ही मूळची गावठाणं आहेतच. शिवाय उत्तरेकडची, दक्षिणेकडची, गुजरात-राजस्थानची कुटुंबं. प्रत्येकाचं मंडळ आहे, वधू-वर मेळावा आहे आणि भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सागर विहारला संध्याकाळी एका मुलाशेजारी बसलेली मुलगी कोणाच्या तरी दृष्टीस पडते आणि रात्रीच्या जेवणाआधी गावच्या चुलत्याचा फोन येतो. शहर बदललं, "लोक काय म्हणतील" मधले लोक तेच राहिले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका तरुण जोडप्याची हत्या झाली. मुलाचा मृतदेह खाडीपलीकडे गोवंडीत सापडला आणि मुलीचा आपल्या नवी मुंबईच्या हद्दीत. तिच्या वडिलांना आणि त्यांच्या साथीदारांना पोलिसांनी अटक केली. वाशीचा पूल ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे हे. या हिंसेला धर्म नाही, जात नाही, शिक्षणाची पातळी नाही. सगळ्यांच्या घरात इज्जतीचं ओझं पोरीच्या डोक्यावर ठेवायची सवय आहे, म्हणून सगळ्यांच्या घरात हा धोका आहे.

खून ही शेवटची पायरी असते. त्याच्या कितीतरी आधी फोन काढून घेतला जातो, शिक्षण तोडलं जातं, मारहाण होते, कोंडून ठेवलं जातं, जबरदस्तीने लग्न लावलं जातं. हजारो मुली मारल्या जात नाहीत, पण अशाच जगतात. त्यांच्याबाबतीतही हे आवाहन आहे.

काय दिसलं की थांबून विचारायचं

मुलगी एकदम कॉलेजात यायची थांबते. कोणी विचारलं तर घरचे म्हणतात, गावी गेली आहे. कधी येणार, याला उत्तर नसतं. नोकरीचा राजीनामा तिच्याऐवजी भाऊ फोन करून देतो. काल एकटी ट्रेनने जाणारी मुलगी आज वडील किंवा भाऊ सोडायला आणि न्यायला आल्याशिवाय पायरी उतरत नाही. पंधरा दिवसांत पाहुणे येऊन जातात, सुपारी फुटते, आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातलं काहीच नसतं. फोनवर बोलताना ती प्रत्येक वाक्याला थांबते, कारण बाजूला कोणी बसलेलं असतं. मेसेज येतो, पण भाषा तिची नसते. एरवी तीन इमोजी टाकून अर्धं वाक्य लिहिणारी मैत्रीण एकाएकी लिहिते, "मी ठीक आहे, कृपया पुन्हा संपर्क करू नये."

घरातून येणारी वाक्यंही ओळखायला शिका. "आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." "धाकटीचं लग्न कसं होणार आता?" "आमच्यासाठी ती मेली." काही घरांत जिवंत मुलीच्या नावाने अंघोळ करतात, तेरावं घालतात. आई म्हणते, तू गेलीस तर मी रेल्वेखाली जीव देईन. ही वाक्यं रागाच्या भरातली म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः "मी तिला" च्या जागी "आम्ही तिला" यायला लागलं, चुलते, मामा, भावकी बैठका घ्यायला लागले, तर समजा की हा एका बापाचा राग राहिलेला नाही. बैठक बसली की माघार घेणं बापालाही कठीण होतं, कारण आता त्याची परीक्षा चार लोकांसमोर असते.

मुलगेही यात भरडले जातात. दलित मुलाने वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी नातं जोडलं तर पहिला वार बहुतेक वेळा त्याच्यावर होतो आणि त्याच्या आई-वडिलांना घर सोडावं लागतं. मला पुरुषाशी लग्न करायचं नाही असं सांगणारी मुलगी, घरच्यांनी बळजबरीने बोहल्यावर चढवलेला समलिंगी मुलगा, घटस्फोट मागणारी बाई, पुन्हा लग्न करू पाहणारी विधवा, हे सगळे याच वाटेने जातात. यांच्याविषयी आपण कमी बोलतो, म्हणून त्यांच्यावर लक्षही कमी असतं.

बोलायचं कसं

ती एकटी असेल तेव्हा बोला. तिच्या घरी चहाला जाऊन नाही, तिच्या फोनवर मेसेज करून तर मुळीच नाही. कॉलेजचं वाचनालय, ऑफिसचं स्वच्छतागृह, लोकलचा लेडीज डबा, दवाखान्यातली तपासणीची खोली या जागा बऱ्या. डॉक्टर असाल तर बरोबर आलेल्या आईला किंवा नणंदेला पाच मिनिटं बाहेर बसवा. ती बोलते ती भाषा तुम्हाला येत नसेल तर तिच्या नातेवाइकाला दुभाषा करू नका.

प्रश्न सरळ विचारा. तुला घरात कोणाची भीती वाटते? मारण्याची धमकी कोणी दिली आहे का, आणि कोणासमोर? तुझा फोन कोण बघतं? गावी नेणार आहेत का, केव्हा? लग्न ठरवलं आहे का? ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. "पण तू असं का केलंस?" हा प्रश्न गिळून टाका. तिचं प्रेम बरोबर आहे की चूक, मुलगा चांगला आहे की नाही, हे ठरवायला तुम्हाला कोणी बसवलेलं नाही. तिला जगायचं आहे आणि त्यासाठी तिने तुम्हाला निवडलं आहे, एवढंच तुमच्या हातात आहे.

तिला किती धोका आहे, हे तिच्याइतकं कोणालाच कळत नाही. लंडनमध्ये २००६ साली बनाझ महमूद या तरुणीचा तिच्या वडिलांनी आणि चुलत्याने खून करवला. त्याआधी ती कितीतरी वेळा पोलिसांकडे गेली होती. आपल्याला मारायला निघालेल्या माणसांची नावंसुद्धा तिने लिहून दिली होती. तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ब्रिटनमध्ये जबरदस्तीच्या लग्नांविषयी सरकारी कर्मचाऱ्यांना जी मार्गदर्शक सूचना दिली जाते, तिच्यात आता स्पष्ट लिहिलेलं असतं की पीडित व्यक्तीशी बोलायची संधी तुम्हाला एकदाच मिळेल असं धरून चाला. आपल्यालाही हे लागू आहे. उद्या ती पुन्हा भेटेलच असं नाही. म्हणून त्याच भेटीत एक खूण ठरवा. एखादा नेहमीचा शब्द, एखादा मिस्ड कॉल, जो आला की तुम्ही पोलिसांना बोलवाल. ती तीन दिवस दिसली नाही तर तुम्ही काय करायचं, हे तिच्याकडूनच ठरवून घ्या.

आणि हे कोणालाही सांगू नका. बायकोला, नवऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, तिच्या "खूप समजूतदार" मावशीलाही नाही. दारावरच्या वॉचमनला काही सांगावं लागलं तर एवढंच सांगा की अमक्या घरी कोण राहतं याची माहिती कोणाला देऊ नकोस.

कागद आणि फोन

बाहेर पडायची वेळ आली तर हातात काय असावं, याचा विचार शांतपणे करून ठेवावा. आधार कार्ड, जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची मार्कशीट, पासपोर्ट, बँकेचं पासबुक. यातला वयाचा पुरावा सर्वांत महत्त्वाचा, कारण घरचे पहिली तक्रार बऱ्याचदा "अल्पवयीन मुलीला पळवलं" अशीच देतात. मूळ कागद कपाटातून एकदम गायब झाले तर संशय येतो. म्हणून आधी फोटो काढून तुमच्याकडे ठेवा, मूळ कागद एकेक करून बाहेर येऊ द्या.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अनेक मुलींच्या आधारला वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, कारण कार्ड काढलं तेव्हा ती लहान होती. ती कुठेही आधार वापरायला गेली की ओटीपी वडिलांच्या फोनवर पडतो आणि ती काहीतरी करते आहे हे त्यांना कळतं. बँक खातं लहानपणी वडिलांबरोबर संयुक्त उघडलेलं असेल तर प्रत्येक व्यवहार त्यांना दिसतो. अशा खात्यावरून यूपीआयने भरलेल्या एका चहाच्या बिलावरून माणूस कुठे बसला आहे हे समजतं. तिने स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्यावा, वेगळं खातं उघडावं, आणि ते जमलं नसेल तर बाहेर पडल्यावर रोख पैसे वापरावेत. फोनमध्ये कोणाचं गूगल खातं चालू आहे, लोकेशन कोणाला जातं, हे तपासावं. पळून जाताना तोच फोन चालू ठेवून नेणं म्हणजे पत्ता देऊन जाणं.

कायदा काय देतो आणि कोणाकडे जायचं

अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती कुठे राहायचं, कोणाबरोबर राहायचं हे स्वतः ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात आडकाठी आणायचा जात किंवा कुळाच्या कोणत्याही बैठकीला अधिकार नाही. त्याच निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची मदतवाहिनी आणि सुरक्षित निवास उभारायला सांगितलं. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये यासाठी सूचना काढल्या. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी जिथे पोलिस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांच्या आणि इतरत्र अधीक्षकांच्या अखत्यारीत विशेष कक्ष, आणि मदतीसाठी ११२ हा नंबर. वाशीकरांसाठी आयुक्तालय सीबीडी बेलापूरला आहे. पोलिस ठाण्यातल्या अंमलदाराला या सूचना माहीत नसतील तर त्या निकालाचं नाव आणि तारीख त्याला सांगा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

धोका ऐन तोंडावर असेल तर फक्त ११२. बाईसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे, अठराच्या आतल्या मुला-मुलींसाठी १०९८. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. बाईला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत पहिला सुरू केला होता. तिथल्या समाजसेविका अशी प्रकरणं रोज हाताळतात आणि पोलिसांशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक असतं. एकट्या मुलीला पोलिस ठाण्यात पाठवण्यापेक्षा आधी त्यांना गाठलेलं बरं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही अशा जोडप्यांच्या पाठीशी उभे राहिले आहेत.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सुनेसाठी आहे असा समज आहे. तो मुलीलाही लागू होतो, बहिणीलाही. बाप किंवा भाऊ मारत असेल, कोंडत असेल तर ती संरक्षणाचा आदेश मागू शकते. आणि शेजाऱ्यांनी हे नीट वाचावं: संरक्षण अधिकाऱ्याला अशी माहिती कोणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कोणतीही कारवाई होत नाही. कोंडून ठेवलेल्या सज्ञान मुलीला सोडवण्यासाठी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा आपल्या राज्याचा कायदा आहे. मारलेला, धमकावलेला मुलगा दलित किंवा आदिवासी असेल आणि समोरचे तसे नसतील तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम लावायचा आग्रह धरा.

पोलिसांकडे मिसिंगची तक्रार आली की एक नेहमीचा प्रसंग घडतो. मुलीला जबाबासाठी बोलावतात आणि त्याच खोलीत आई-वडिलांना आणून बसवतात. आई पाया पडते, बाप रडतो, अंमलदार म्हणतो, "जा बाळ, माफी माग आणि घरी जा." हेतू वाईट नसतो, पण त्या खोलीतून ती ज्या घरी जाते तिथे रात्री काय होणार हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून जबाबाला तिच्याबरोबर वकील किंवा कार्यकर्ती जाऊ दे. मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने बाहेर पडले, मला घरच्यांना भेटायचं नाही, माझ्या जिवाला अमक्या-अमक्यांपासून धोका आहे, ही चार वाक्यं तिने स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावीत. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. नव्या फौजदारी संहितेत ती आता कायद्याने लिहिलेली आहे.

विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. ते तीस दिवस सर्वांत धोक्याचे असू शकतात. कुठे राहायचं, पोलिसांना कधी कळवायचं, हे नोटीस द्यायच्या आधी ठरवा.

मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला आपल्या घरी लपवून ठेवू नका. तुमच्यावरच अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मग तिला मदत करणारं कोणी उरत नाही. १०९८ ला कळवा, बालकल्याण समितीसमोर न्या. तिचं लग्न लावत असतील तर तो बालविवाह आहे, आणि तो थांबवण्यासाठी १०९८ आणि ११२ दोन्हीकडे कळवता येतं.

पाहिलं असेल तर सांगा

शेवटी साक्षीबद्दल. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून शाळेपासून मारत नेलं आणि ठार केलं. दिवसाढवळ्या, लोकांच्या डोळ्यांदेखत. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले.

याच्या उलट नाशिकचं. ज्या रिक्षात ती गरोदर मुलगी बसली होती, तिच्या चालकाने जे पाहिलं ते न्यायालयात सांगितलं. बापावरचा गुन्हा सिद्ध झाला. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिक्षा कमी करून वीस वर्षांची, कोणतीही सूट नसलेली कैद दिली, पण दोष कायम ठेवला. एका रिक्षावाल्याने तोंड उघडलं म्हणून हे झालं. खर्ड्यात जे गाव मुकं झालं, त्यात शिकलेले, प्रतिष्ठित लोकही होते.

तुमच्या मजल्यावरून रात्री किंकाळी ऐकू आली तर वेळ लिहून ठेवा. जिन्यात कोणी धमकी दिली तर शब्द न शब्द लिहा, तारीख घाला. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, ते वेळीच जपून ठेवायला सांगा. उद्या विचारलं तर "आम्हाला काही माहीत नाही" असं म्हणू नका.

ज्यांच्या घरात आज हा प्रश्न उभा आहे त्या आई-वडिलांना एकच सांगते. मुलगी तुमच्या मनाविरुद्ध गेली म्हणून तुमचं दुःख खोटं ठरत नाही. चार महिने बोलू नका, चार वर्षं तिच्या घरी जाऊ नका, कायदा तुम्हाला अडवत नाही. पण भावकी बैठक घेऊन तुमच्या दारात आली तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा. मंगळवारी जे लोक नाक कापलं म्हणत होते, ते गुरुवारी दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी करत असतात. तुरुंगात मात्र बाप एकटाच जातो, आणि पोरगी परत येत नाही.

आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ही विनंती. ११२, १८१ आणि १०९८ हे तीन नंबर आज फोनमध्ये साठवा. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या, काम करणाऱ्या, तुमच्या जिन्यात राहणाऱ्या मुलामुलींना एवढं कळू द्या की त्यांनी येऊन सांगितलं तर तुम्ही त्यांच्या घरी फोन करणार नाही. ज्या दिवशी कोणी येईल, त्या दिवशी तिचं ऐका, तिला विचारूनच पुढचं पाऊल टाका, आणि ती नको म्हणेल तर कोणाच्याही सांगण्यावरून तिला परत पाठवू नका.